सार्वजनिक रानात हरणाची शिकार: शेजारच्या शिकाऱ्याच्या आड न येता दिवस कसा काढायचा

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात रायफलने हरीण मारायचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो. परवाने साडेपाच लाखांच्या आसपास जातात आणि त्यातले बहुतेक लोक पहिल्याच पहाटे रानात असतात. ज्याचं स्वतःचं शेत आहे किंवा सासऱ्यांचं चाळीस एकर रान आहे, त्याला फारसा प्रश्न पडत नाही. आपण नोकरीनिमित्त इथे आलेली माणसं, त्यामुळे आपल्या वाट्याला येतं ते सार्वजनिक रान: डीएनआरची, म्हणजे राज्याच्या निसर्गसंपदा खात्याची जमीन, काउंटीचं जंगल, किंवा उत्तरेकडचं शेक्वामेगन-निकोले राष्ट्रीय वन. तिथे तुमचा जेवढा हक्क, तेवढाच शेजारच्या झाडावर बसलेल्याचा.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंदच झाली, त्यामुळे आपल्या पिढीला ही रीत घरातून मिळालेली नाही. हंटर एज्युकेशनच्या वर्गात बंदुकीची सुरक्षितता चांगली शिकवतात. पार्किंगमध्ये आधीच तीन ट्रक उभे असतील तर काय करायचं, यावर तास नसतो. मग दर वर्षी तेच होतं. कुणी दुसऱ्याच्या मचाणाखालून चालत जातो, कुणी दहा जणांचा हाका भलत्याच्या अंगावर घालतो, आणि पुढच्या वर्षी त्या पार्किंगमध्ये आपल्याकडे बघणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या असतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रानात उद्धट वागणारे बहुतेक लोक स्वभावाने उद्धट नसतात. त्यांच्याकडे दुसरी जागा तयार नसते, एवढंच. दोन तास गाडी चालवून आलेला माणूस, हातात एकच जागा, आणि तिथे कुणीतरी आधीच बसलेलं. तो मग जवळच कुठेतरी घुसून बसतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग घरी बसून करायच्या कामाबद्दल आहे.

टप्पा १: कागद आणि कपडे

व्हिसाचं आधी बघा. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. या बंदीला जे अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा एक: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना तुमच्याजवळ असणं. परवाना संपला की अपवादही संपला. विस्कॉन्सिनचं परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं चालतं, आणि मार्चअखेरीला नवा परवाना घ्यायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. रायफल मात्र घरातल्या कपाटातच असते. मित्राची रायफल 'जरा धरून बघू' म्हणून हातात घेणंही 'बाळगणं' ठरू शकतं. तुमच्या व्हिसाच्या स्थितीबद्दल शंका असेल तर वकिलाला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको.

तुमचा जन्म १ जानेवारी १९७३ रोजी किंवा नंतर झाला असेल तर हंटर एज्युकेशन पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. हा अभ्यासक्रम नोव्हेंबरच्या तोंडावर शोधायला गेलात तर वर्ग भरलेले असतात. उन्हाळ्यातच उरकून टाका.

कपडे: कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा तरी भाग भडक केशरी हवा. भडक गुलाबीही चालतो. टोपी घातली तर तिचाही निम्मा भाग तसाच. कायद्याला निम्मा पुरतो, मी पूर्ण जाकीट केशरी घाला म्हणतो. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला मात्र दुरून दिसतो. इतरांना तुम्ही कुठे आहात हे कळणं, हीच सगळ्यात पहिली सभ्यता.

> तपासा: परवाना छापलेला किंवा फोनमध्ये, ओळखपत्र, केशरी जाकीट आणि टोपी, हेडलॅम्प आणि जादा बॅटरी, मचाणावर बसणार असाल तर अंगभर पट्ट्यांचा हार्नेस. हार्नेस नसेल तर जमिनीवर बसा.

टप्पा २: नकाशावर तीन जागा, तीन वेगळ्या पार्किंगच्या

डीएनआरचा सार्वजनिक जमिनींचा नकाशा ऑनलाइन फुकट आहे. ऑनएक्ससारखं अ‍ॅप घेतलं तर हद्दी फोनवर दिसतात. रानात सिग्नल नसतो, म्हणून तो भाग आधी उतरवून ठेवा. अ‍ॅपमधली रेघ आणि जमिनीवरची हद्द यांत थोडा फरक असू शकतो. रेघेला चिकटून बसू नका.

जमिनीचा प्रकार बघा, कारण नियम प्रकारागणिक बदलतात. एमएफएल नावाच्या योजनेत खासगी मालक करसवलतीच्या बदल्यात आपलं रान लोकांना खुलं ठेवतो. तिथे तुम्ही पायी जाऊन शिकार करू शकता, पण मालकाला विचारल्याशिवाय मचाण बांधता येत नाही. डीएनआरच्या जमिनीवर झाड किंवा फांद्या तोडायला आणि झाडात स्क्रू ठोकायला मनाई आहे. रात्रभर मचाण ठेवण्याची मुभा राज्य महामार्ग ६४ च्या उत्तरेला, ठरावीक काळापुरती, आणि त्यावर जमिनीवरून वाचता येईल असं नाव-पत्ता किंवा तुमचा डीएनआर ग्राहक क्रमांक लावला असेल तरच. महामार्गाच्या दक्षिणेला ते रोज संध्याकाळी काढून न्यायचं. काउंटी आणि राष्ट्रीय वनाचे नियम वेगळे आहेत. ज्या रानात जाणार त्याच रानाचे वाचा.

आता जागा ठरवा. तीन हव्यात. इथे होणारी चूक अशी, की लोक एकाच पार्किंगवरून दिसणारे तीन टेकाड निवडतात. त्या पार्किंगमध्ये पाच ट्रक उभे असले की तिन्ही जागा एकदम गेल्या. प्रत्येक जागेचं पार्किंग वेगळं असू द्या आणि एकीकडून दुसरीकडे गाडीने पंधरा-वीस मिनिटांत जाता यायला हवं. पहिली जागा आवडीची. दुसरी बरी. तिसरी अशी की जिथे कुणीच जात नाही: कारण दलदल ओलांडावी लागते, किंवा रस्त्याच्या इतकी जवळ आहे की लोक तिच्याकडे बघतही नाहीत. हंगामाच्या पहिल्या दिवशी हरणं माणसांच्या धक्क्याने पळतात, आणि अशा टाकाऊ कोपऱ्यांत येऊन थांबतात. तिसरी जागा ही तडजोड नाही, हे एकदा कळलं की पहिली सोडायला जीव जड होत नाही.

प्रत्येक जागेसाठी वारा लिहून ठेवा. नोव्हेंबरात वायव्येचा वारा नेहमीचा, पण दक्षिणेचा निघाला तर कुठे बसणार, हेही ठरलेलं असावं. आत जायची वाटही आखा. ती वाट दुसऱ्या कुणाच्या बसायच्या जागेवरून जाणार असेल तर लांबची वाट धरा, वीस मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

टप्पा ३: ऑक्टोबरातली पाहणी

जागा प्रत्यक्ष बघून या. हरणांच्या वाटा, ओरबाडलेली झाडं, विष्ठा हे तर बघालच. माणसांच्या खुणाही तितक्याच नीट बघा. मचाण, झाडाला लावलेला कॅमेरा, अंधारात चमकणाऱ्या टाचण्या, रंगीत फीत. प्रत्येक खूण नकाशावर टाका. कशालाही हात लावू नका. कॅमेऱ्याचं कार्ड काढून बघणं ही सरळ चोरी आहे, आणि 'कुणाचा आहे ते बघत होतो' हे कुणी ऐकून घेत नाही.

मचाण दिसलं म्हणजे ती जागा त्या माणसाच्या मालकीची झाली का? नाही. सार्वजनिक जमिनीवर मचाण बांधून जागा राखून ठेवता येत नाही. पण म्हणून त्याच्या मचाणावर चढून बसू नका. कायदा बाजूला ठेवा, पट्टे आणि साखळ्या दुसऱ्याने किती जुन्या वापरल्यात ते तुम्हाला ठाऊक नसतं. आणि पहाटे पाच वाजता मालक शिडीखाली उभा राहिला की काय बोलणार?

किती लांब बसायचं, याचा आकडा कायद्यात नाही. माझा हिशोब असा: दाट झाडीत निदान दोनशे यार्ड, आणि एकमेकांना दिसणार नाही अशा ठिकाणी, मध्ये उंचवटा असेल तर उत्तम. उघड्या माळावर किंवा दलदलीत त्याच्या दुप्पट. .३०-०६ रायफलची गोळी कमाल तीन मैलांपर्यंत जाऊ शकते, हे लक्षात घेतलं तर दोनशे यार्ड म्हणजे काहीच नाही. म्हणून अंतरापेक्षा दिशा महत्त्वाची. त्याचा आणि तुमचा नेम एकमेकांकडे लागेल अशी जागा, कितीही छान असली, तरी सोडा.

> सावध: डीएनआरच्या जमिनीवर हरणासाठी दाणा टाकणं बेकायदा आहे. पाहणीत मक्याचा ढीग दिसला तर तिथे बसू नका. दाणा दुसऱ्याने टाकलेला असला तरी त्यावर शिकार करणारे तुम्ही ठराल.

टप्पा ४: पार्किंग

नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि हरणावर गोळी झाडायची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते. म्हणजे साडेसहाला. पार्किंगमध्ये पाचच्या आत पोचा. सव्वासहाला पोचून घाईघाईने आत शिरणारा माणूस आधी बसलेल्या सगळ्यांची सकाळ घालवतो.

गाडी अशी लावा की फाटक अडणार नाही आणि ट्रेलर लावलेला ट्रक वळू शकेल. हेडलाइट लगेच बंद करा. दारं ढकलून लावा, आपटू नका. रिमोटने गाडी लॉक करताना हॉर्न वाजतो ना, तो पाव मैलावर ऐकू जातो; किल्लीने लॉक करा. रायफल रिकामीच असली पाहिजे, गाडीत आणि पार्किंगमध्येही. गाडीला टेकवून ठेवू नका.

आता माणसांशी बोला. आपल्यातले पुष्कळ जण इथेच चुकतात. लाजतात, किंवा 'आपण कशाला मध्ये पडा' म्हणून मान खाली घालून चालू लागतात. शिकारीच्या पार्किंगमध्ये न बोलणं हाच उद्धटपणा समजला जातो. "मॉर्निंग. विच वे यू हेडेड?" एवढं पुरतं. जो आधी आला तो आधी सांगणार, तुम्ही त्याच्याभोवती आपलं जमवणार. तो तुमच्याच जागेकडे निघाला असेल तर "मी तिकडेच जाणार होतो, पण काही हरकत नाही, मी दक्षिणेला जातो" असं म्हणा आणि खरंच दक्षिणेला जा. असं सांगितलं की बहुतेक वेळा समोरचा आपणहून तिकडची माहिती देतो. जागा सोडणाऱ्याला लोक विसरत नाहीत.

गाड्या आहेत पण माणसं आत गेली आहेत, असं असेल तर बर्फावरची पावलं बघा. तुमच्या वाटेवर ताजी पावलं असतील तर ती वाट त्या दिवसापुरती त्याची. एकाच गाडीपुरती जागा असलेलं छोटं पार्किंग भरलेलं दिसलं तर थांबूच नका, दुसऱ्या जागेकडे निघा.

कुठे जाताय आणि परत कधी येणार, हे घरी कळवून ठेवा. काही जण डॅशबोर्डवर चिठ्ठी ठेवतात: 'ईशान्येच्या टेकाडावर, दुपारपर्यंत'. ही पद्धत चांगली आहे. मागून येणाऱ्याला कळतं कुणीकडे जायचं नाही.

टप्पा ५: अंधारातली चाल

हेडलॅम्प लावून चाला. हरणं बुजतील म्हणून दिवा न लावता जाणारे असतात. त्यांना मी धाडसी म्हणणार नाही. दिवा म्हणजे 'मी माणूस आहे' अशी पाटी.

वाटेत समोरून कुणी टॉर्च लावून-विझवून खूण केली तर तो मचाणावरून सांगतोय, 'इथे मी आहे'. थांबा. तुमचा दिवा त्याच्याकडे एकदा हलवा, कळलं म्हणून. आल्या वाटेने मागे फिरा आणि लांबून वळसा घाला. माफी मागायला त्याच्या झाडाखाली जाऊ नका. तुम्ही मचाणावर असाल आणि कुणी येत असेल तर तुम्हीही असंच करा, पण खूण दिव्यानेच. अंधारात शीळ घालू नका, खोकू नका, हात हलवू नका. उजाडलं असेल तर स्पष्ट माणसाच्या आवाजात, मोठ्याने बोला.

उशीर झालाय, उजाडायला लागलंय आणि तुमची जागा अजून अर्ध्या मैलावर आहे? मग तिथेच, वाटेपासून थोडं बाजूला, पाठीमागे जाड खोड घेऊन बसा. दहा-अकरापर्यंत हलू नका. त्या वेळेला लोक पाय मोकळे करायला उठतात, तेव्हा पुढे सरका.

टप्पा ६: बसल्यावर

जमिनीवर तंबूसारखा आडोसा लावला असेल तर डीएनआरच्या जमिनीवर त्यावर सगळ्या बाजूंनी दिसेल असं निदान १४४ चौरस इंच भडक रंगाचं कापड हवं. आत बसलेल्याचं केशरी जाकीट बाहेरच्याला दिसत नाही, हे त्यामागचं कारण. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

बसल्यावर पहिलं काम: कुठल्या दिशेला गोळी झाडायची नाही, ते ठरवा. पार्किंग, रस्ता, घर, शेजाऱ्याचा केशरी ठिपका, टेकाडाची कड. हरीण त्या दिशेला उभं राहिलं तर ते तुमचं नाही.

फोन सायलेंटवर. मंडळाच्या ग्रुपवर 'कुणाला काय दिसलं' हे संध्याकाळी. चिवडा न्यायचा असेल तर प्लास्टिकच्या कुरकुरीत पिशवीतून नको, कापडी पुरचुंडीत न्या.

कुत्रा घेऊन फिरणारं जोडपं आलं, स्की घालून कुणी गेलं, तर चिडू नका. रान त्यांचंही आहे. हात वर करून नमस्कार करा, रायफलची नळी दुसरीकडे ठेवा, ते जाऊ देत.

संध्याकाळची शेवटची चूक जवळजवळ सगळे करतात. विस्कॉन्सिनमध्ये हरणाची वेळ सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी संपते, आणि हरणं नेमकी त्याच वीस मिनिटांत बाहेर पडतात. थंडीने गारठलेला माणूस अर्धा तास आधीच उतरतो आणि इतरांच्या समोरून गाडीकडे चालत जातो. लवकर निघायचंच असेल तर तासभर आधी निघा. नाहीतर वेळ पूर्ण संपू द्या, रायफल रिकामी करा, दिवा लावा, मग उतरा.

टप्पा ७: गोळी लागल्यानंतर

हरीण जागीच पडलं नाही तर थांबा. फुप्फुसात किंवा हृदयात लागल्याची खात्री असेल तरी निदान अर्धा तास. पोटात लागली असेल तर सहा-आठ तास सोडून द्यावं लागतं, आणि सार्वजनिक रानात हे फार अवघड जातं, कारण तोवर दुसरं कुणी त्याला उठवतं. म्हणून शंकास्पद नेम घेऊच नका, हाच उपाय. रक्ताचा माग काढताना शेजारी बसलेला दिसला तर लांबूनच त्याला कळवा, 'जखमी हरीण इकडे आलंय, माग काढतोय'. त्याला दिसलं असेल तर तो सांगेल.

हरीण कुणाचं, यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. रिवाज असा आहे की ज्याच्या पहिल्या गोळीने ते नक्की मेलं असतं, त्याचं. तुमच्यासमोर दुसऱ्याचं जखमी हरीण आलं आणि ते नीट पळत असेल, तर त्याला पाडणं योग्य. जखमी जनावर मोकळं सोडू नये. पण पाडल्यावर त्याच्याजवळ जाऊन लगेच सुरी काढू नका. अर्धा तास वाट बघा. मागावर कुणी आलं तर दोघांनी मिळून जखमा बघा. त्याची गोळी छातीत असेल आणि तुमची मानेत, तर हरीण त्याचं. त्याची पायाला ओरखडून गेली असेल तर तुमचं. ठरत नसेल तर देऊन टाका. मांस अर्धं-अर्धं वाटून घेणारेही असतात, पण नोंदणी एकाच्याच नावावर होते, तेव्हा हे रानातच ठरवा.

माग खासगी जमिनीत गेला तर हद्दीवर थांबा. विस्कॉन्सिनमध्ये 'आत येऊ नये' अशी पाटी असायलाच हवी असं नाही. परवानगीशिवाय पाऊल टाकलं की अतिक्रमण, आणि जखमी जनावर आणायला जाण्याची सूटही नाही. रायफल गाडीत बंद करा, टोपी काढा, आणि घराच्या दारात रिकाम्या हाताने जा. बंदूक घेऊन कुणाचंही दार वाजवायचं नाही. आपण तर मुळीच नाही. मालक नाही म्हणाला तर वाद घालू नका, वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम राबवणाऱ्या डीएनआरच्या अधिकाऱ्याला, फोन करा. वॉर्डन मालकाशी बोलू शकतो, पण त्याच्यावर सक्ती करू शकत नाही.

टप्पा ८: हाका घालायचा असेल तर

मराठी गटांबद्दल तक्रार येते ती बहुधा इथे. दोन गाड्या भरून आठ-दहा जण जातात, सकाळी काही दिसलं नाही की साडेआठला कंटाळतात, आणि रान उठवायला सुरुवात करतात. त्या रानात एकटा बसलेला माणूस वर्षभर त्या सकाळची वाट बघत होता.

हाक्याचा क्रम असा ठेवा. साडेदहाच्या आधी नाही. आधी त्या तुकड्याच्या कडेने फिरून बघा, पार्किंगमधल्या गाड्या मोजा. कुणी आत बसलं असेल तर दुसरा तुकडा घ्या. त्याला विचारलंत आणि त्याला चाललं, तर उत्तम. कधी तोच म्हणतो, 'घाला, मी टोकाला बसतो'. मग पुढे बसणाऱ्यांना जागा द्या, प्रत्येकाला नकाशावर बोटाने दाखवून. ते बसेपर्यंत हाकाऱ्यांनी हलायचं नाही. हाकाऱ्यांनी एका ओळीत, एकमेकांना दिसत, बोलत चालायचं. बसलेल्यांनी हाकाऱ्यांच्या दिशेला गोळी झाडायची नाही, हरीण बसलेल्यांना ओलांडून त्यांच्या मागे निघून गेल्यावरच, तेही गोळी अडवणारी जमीन पलीकडे असेल तर. शेवटी सगळे रायफली रिकाम्या करतात, डोकी मोजतात.

विस्कॉन्सिनमध्ये गटातल्या एकाने दुसऱ्याच्या परवान्यावर हरीण मारता येतं. अट अशी की मारतेवेळी दोघे एकमेकांना दिसत असावेत किंवा आवाज ऐकू येत असावा. फोन किंवा वॉकीटॉकीवरचा संपर्क त्यात धरत नाहीत. 'फोनवर विचारलं होतं' हे वॉर्डनला सांगून उपयोग नाही.

> सावध: हाक्यात एकाला जरी जागा समजली नसेल, तर हाका रद्द.

टप्पा ९: वाद झाला तर

वाद झाला तर हरायचं, हे घरून ठरवून निघा. दोघांच्याही हातात बंदूक असते. २००४ च्या नोव्हेंबरात उत्तर विस्कॉन्सिनच्या सॉयर काउंटीत दुसऱ्याच्या खासगी रानातल्या मचाणावर बसण्यावरून सुरू झालेल्या बोलाचालीत सहा शिकारी मेले. गोळ्या झाडणारा आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग समाजातला होता, आणि त्यानंतर त्या समाजाच्या सगळ्याच शिकाऱ्यांकडे लोक संशयाने बघू लागले. आपल्या रंगाच्या माणसाला ही गोष्ट माहीत असलेली बरी.

करायचं ते थोडकंच आहे. नळी जमिनीकडे. आवाज खाली. "ठीक आहे, मी निघतो." आणि निघा. हद्दीबाबत तुम्ही बरोबर असाल, अ‍ॅपवर रेघ स्वच्छ दिसत असेल, तरीही निघा. जायला लागल्यावर गाडीचा नंबर, वेळ, जागा लिहून ठेवा आणि गाडीत बसल्यावर वॉर्डनला कळवा. कायदेशीर शिकारीत मुद्दाम अडथळा आणणं हा गुन्हा आहे, पण ते सिद्ध करायचं काम रानात उभं राहून करायचं नसतं.

टप्पा १०: बाहेर काढणं आणि मागे काय ठेवायचं

हरीण साफ करताना आतडी वाटेपासून, पाण्यापासून आणि कुणाच्याही मचाणापासून लांब टाका. कातडी, पाय, सांगाडा पार्किंगमध्ये टाकून जाणारे लोक सगळ्यांचं नाव खराब करतात. विस्कॉन्सिनच्या हरणांत २००२ पासून सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आढळतो, त्यामुळे सांगाडे कुठेही टाकू नका. डीएनआरने ठिकठिकाणी त्यासाठी कचरापेट्या आणि तपासणीसाठी डोकी द्यायच्या पेट्या ठेवलेल्या असतात. तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस मित्रांत वाटू नका.

ओढत नेताना हरणावर केशरी कापड टाका. दुसरा कुणी एकटा ओढताना दिसला तर दोर धरा. पार्किंगमध्ये त्यातून होणारी ओळख वर्षानुवर्षं टिकते. मारलेल्या हरणाची नोंदणी डीएनआरच्या गेमरेग या नोंदणी-सेवेवर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत.

आणि फोटो. हरणासोबत उभं राहून काढा, पण मागचं ओळखता येणारं टेकाड, पार्किंगची पाटी, लोकेशन हे काढून टाका. तुम्हाला ती जागा कुणी ऑफिसातल्या माणसाने दाखवली असेल, तर ती त्याची आहे. पुढच्या वर्षी त्याच्याशिवाय, तीन मित्रांना घेऊन तिथे जायचं नाही. जायचंच असेल तर आधी त्याला विचारायचं, आणि तो 'हं' म्हणाला पण तोंड पडलं, तर ते 'नाही' समजायचं. जागा दाखवणारे लोक आपल्याला पुन्हा काही दाखवेनासे होतात ते याच कारणाने. ते कारण सांगत नाहीत, फक्त पुढच्या ऑक्टोबरात फोन उचलत नाहीत.

बदकांबद्दल थोडक्यात

होरिकनसारख्या दलदलीत बदकं मारायला जाणाऱ्यांसाठी बहुतेक सगळं हेच, तीन फरकांसह. नावेत सामान पार्किंगमध्ये भरा. उतारावर नाव लावून ठेवून नंतर बॅगा आणायला जाऊ नका, मागे रांग असते. दुसऱ्याने आमिष म्हणून पाण्यावर ठेवलेल्या नकली बदकांकडे उतरणाऱ्या थव्यावर झाडू नका. आणि माऱ्याबाहेर, खूप उंचावरून जाणाऱ्या पक्ष्यांवर काडतुसं उडवू नका: पक्षी पडत नाही, जखमी होतो, आणि आजूबाजूच्या सगळ्यांचा थवा उधळतो. फेडरल बदक-तिकीट २५ डॉलरचं, शिसं नसलेले छर्रे, आणि बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं बसणार नाहीत असा अडसर, ही तिन्ही देशभर सक्तीची आहेत.

हंगाम संपला की मचाण, फिती, टाचण्या मुदतीच्या आत काढून आणा. बर्फ असताना गेलात तर त्याच फेरीत हरणांच्या हिवाळी वाटा दिसतात, पुढच्या वर्षीची तिसरी जागा बहुधा तिथेच सापडते.